नेपल्समधले पाच दिवस : कॉफी, पिझ्झा आणि गव्हाची पास्तिएरा

आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्यूनिकला आली होती. तिला इटलीतले एखादे शहर दाखवायचे ठरले, तेव्हा मी रोम आणि व्हेनिस बाजूला ठेवून नेपल्स निवडले, कारण आईला इमारतींपेक्षा स्वयंपाकघरे बघायला जास्त आवडतात आणि इटलीतले सर्वांत मोठे उघडे स्वयंपाकघर मला तरी नेपल्सच वाटते. आई शाकाहारी आहे. केक-बिस्किटांतले अंडे तिला चालते, परंतु मांस, मासे आणि मद्य ती घेत नाही. मी सगळे खाते. त्यामुळे रोज रात्री खोलीवर परतल्यावर लिहिलेल्या या नोंदींत दोघींच्या जिभांचा हिशेब आहे, आणि जी मंडळी घरातल्या शाकाहारी वडीलधाऱ्यांना घेऊन तिकडे जाणार असतील त्यांना त्याचा उपयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रविवार, १६ मार्च

दुपारी बाराच्या सुमारास शहरात पोहोचलो. रविवारच्या नेपल्समध्ये पहिली नजरेत भरलेली गोष्ट म्हणजे चांगले कपडे घालून घराकडे निघालेले लोक आणि त्यांच्या हातांतील कागदात बांधलेले मिठाईचे तबक. चर्चमधून परतताना मिठाईच्या दुकानातून छोट्या छोट्या मिठायांचा असा तबकभर खाऊ घ्यायचा आणि जेवणानंतर सगळ्यांनी मिळून तो संपवायचा, ही इथली जुनी रीत आहे. एक आजोबा ते तबक दोन्ही तळव्यांवर अगदी आडवे धरून, गर्दीतून वाट काढत, नैवेद्याचे ताट न्यावे तसे चालले होते. आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

रविवारी दुपारी घराघरांत ‘रागू’ असतो. मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोच्या रसात सहा-सात तास अगदी मंद आचेवर ठेवतात. रस उकळता कामा नये. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटला पाहिजे. त्या आवाजासाठी नेपल्सच्या बोलीत ‘पिप्पियारे’ असे क्रियापद आहे, आणि ते ऐकताच आईला आपले ‘रटरटणे’ आठवले. मुक्कामाजवळच्या खाणावळीत मी रागू घातलेला पास्ता घेतला आणि आईसाठी वांग्याचे ‘पार्मिजाना’ मागवले. तळलेल्या वांग्याच्या कापांचे थर, मध्ये टोमॅटोचा रस, चीज आणि बेझिलची पाने, असे ते भाजून काढतात आणि थोडे निवल्यावर वाढतात. सोबत ‘फ्रियारिएल्ली’ नावाची पालेभाजी होती. मोहरीच्या कुळातली ही कडसर भाजी लसूण आणि मिरची घालून तेलात परततात. ती थंडीपासून वसंतापर्यंत मिळते. एरवी ती सॉसेजबरोबर येते, म्हणून नुसती भाजी हवी असल्यास आधीच सांगावे लागते. आईने पावाच्या तुकड्याने ताटली पुसून खाल्ली.

संध्याकाळी ‘गाम्ब्रिनुस’मध्ये कॉफी घेतली. सान कार्लो नाट्यगृहासमोरचे हे कॉफीगृह १८६०चे. आरसे, चित्रे आणि सोनेरी नक्षीने भरलेले. १९३८मध्ये फॅसिस्ट राजवटीत ते बंद करण्यात आले होते आणि पुढे काही दशकांनी पुन्हा उघडले. इथे आणि शहरात सर्वत्र काउंटरपाशी उभे राहून कॉफी घेणे हाच शिरस्ता आहे. टेबलाशी बसलात तर त्याच कॉफीचे दाम कितीतरी पटीने वाढते. आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. मग पाण्याचा लहान पेला येतो. तो कॉफीच्या आधी प्यायचा, म्हणजे जीभ स्वच्छ होते. त्यानंतर येते ती दोन-तीन घोटांची दाट काळी कॉफी, आणि तिचा कप गरम पाण्यात ठेवलेला असल्यामुळे इतका तापलेला असतो की पहिल्या घोटाला ओठ जपावे लागतात. काही दुकानांत साखर आधीच घातलेली असते. नको असल्यास ‘आमारो’ म्हणावे.

नेपल्सच्या कॉफीची एक रीत मला फार मोलाची वाटते. एका कॉफीचे दाम देताना दुसऱ्याही कॉफीचे देऊन ठेवायचे, म्हणजे ज्याच्याजवळ पैसे नाहीत असा कोणी आला तर ती त्याला मिळते. तिला ‘काफे सोस्पेसो’, म्हणजे लटकती ठेवलेली कॉफी म्हणतात. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आई म्हणाली, “अगं, मग आपणही एक ठेवून जाऊ या.” आम्ही दोघींच्या मिळून तीन कॉफींचे पैसे दिले.

सोमवार, १७ मार्च

हा दिवस पिझ्झाचा. चेझारे सेरसाले रस्त्यावरच्या ‘दा मिकेले’ या १८७०पासूनच्या दुकानापाशी साडेदहालाच पोहोचलो. दारातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि नाव नव्हे तर आकडा पुकारला जाईपर्यंत रस्त्यावर उभे राहायचे. म्हणून इटालियन आकडे पाठ करून जाणे बरे. संगमरवरी टेबलांवर अनोळखी माणसांबरोबर बसावे लागते. या घराण्याने पिढ्यानपिढ्या मार्गेरिता आणि मरिनारा या दोन पिझ्झांवरच आपले नाव टिकवले, आणि तिथे गेल्यावर या दोनांपलीकडे काही मागण्याची इच्छाही होत नाही.

शाकाहारी माणसाने मरिनाराकडे आवर्जून लक्ष द्यावे. तिच्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल एवढेच असते, चीज नसते. मोत्सारेला हे पिझ्झावरचे चीज बनवताना वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरतात, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसते, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी मरिनारा हाच निर्धास्त मार्ग आहे. आईने ती घेतली त्याचे कारण मात्र वेगळे होते : आंबटावर दुधाचा पदार्थ घालणे तिला मुळातच पटत नाही. मी म्हशीच्या दुधाच्या मोत्सारेलाची मार्गेरिता घेतली. युरोपात एवढी वर्षे राहून गाईच्या दुधाची सवय झालेल्या माझ्या जिभेला त्या चीजमध्ये सांगलीच्या सायीची ओळख पटली. काझेर्ता आणि सालेर्नो या शेजारच्या भागांत म्हशी पाळतात आणि हे चीज तिथूनच येते.

भट्टी आमच्या टेबलावरून सरळ दिसत होती. लाकडाच्या भट्टीचे तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर असते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत तयार होतो. करणारा माणूस पिठाचा गोळा हाताने दाबत मधली हवा कडेकडे सारत नेतो. लाटणे लावत नाही, कारण लाटण्याने ती हवा निघून जाते आणि काठ फुगत नाही. आईला हे लगेच उमगले. “भाकरीसारखंच की,” ती म्हणाली, “लाटली की फुगत नाही, थापावी लागते.” पिझ्झाचा मध्यभाग इतका पातळ आणि ओलसर असतो की तो उचलून खाता येत नाही, सुरी-काट्याने खावा किंवा चार घड्या घालून. अशा घडीच्या पिझ्झाला ‘पाकीट’ या अर्थाचे नाव आहे, आणि त्रिबुनाली रस्त्यावर लहान आकाराचे असे पिझ्झा कागदात गुंडाळून देतात. पिझ्झा करणाऱ्यांची ही कला २०१७मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली. १८८९मध्ये राणी मार्गेरितासाठी पहिली मार्गेरिता केली गेली ही गोष्ट शहरात सगळीकडे सांगतात. इतिहासकारांना ती तितकीशी मान्य नाही.

दोन पिझ्झांनंतर रात्रीचे जेवण लागलेच नाही.

मंगळवार, १८ मार्च

ज्यासाठी मी आईला इथे आणले तो पदार्थ आज तिला दाखवला. ‘स्फोल्यातेल्ला’ हा शिंपल्याच्या आकाराचा, असंख्य पापुद्र्यांचा गोड पदार्थ. अमाल्फी किनाऱ्यावरच्या कोंका देई मारिनी गावात सांता रोझा नावाच्या मठात तो जन्मला आणि १८१८मध्ये पास्क्वाले पिंतावरो याने तो नेपल्सच्या टोलेडो रस्त्यावर विकायला सुरुवात केली, असे सांगतात. आम्ही रेल्वे स्थानकाजवळच्या गल्लीतल्या ‘अत्तानासिओ’मध्ये सकाळी नऊला गेलो. तिथे भट्टी दुकानातच आहे आणि एक तबक बाहेर आले की ते तिथल्या तिथे संपते.

स्फोल्यातेल्लाचे दोन प्रकार आहेत. ‘फ्रोल्ला’ बाहेरून नानकटाईसारखी खुसखुशीत आणि गोल असते. ‘रिच्चा’ पापुद्र्यांची. सारण दोन्हींचे एकच : पाण्यात शिजवलेला रवा, रिकोत्ता चीज, साखर, अंडे, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि दालचिनी. मी रिच्चा हातात घेतली तेव्हा ती इतकी गरम होती की दोन कागद लावावे लागले. आईने ती माझ्या हातून घेतली, खाल्ली नाही, पण उजेडाकडे धरून कडेने नीट पाहिली, नखाने एक पापुद्रा वेगळा केला आणि म्हणाली, “हा चिरोटाच आहे.”

त्यानंतर आम्ही दोघी काचेपलीकडचे काम पाहत अर्धा तास उभ्या होतो. आमच्या घरी दिवाळीला चिरोटे करताना मैद्याच्या पातळ पोळ्या लाटून, तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा प्रत्येक पोळीला लावतात, पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करतात आणि मग तिचे काप करून हलक्या हाताने लाटतात. इथेही तेच आहे. कणीक ताणून ताणून कागदाहून पातळ करायची, तिला चरबी माखायची, करकचून गुंडाळी करायची, थंड ठिकाणी विश्रांती द्यायची आणि बोटभर जाडीचे काप काढायचे. फरक त्यानंतर येतो. आपण काप लाटतो. हे लोक अंगठे मध्यभागी रोवून काप बाहेरच्या बाजूला ढकलत नेतात, त्यामुळे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात आणि कापाचा खोलगट शंकू तयार होतो. मग त्यात सारण भरायचे आणि तोंड दाबून भट्टीत घालायचे. आपला चिरोटा कढईत उमलतो, हा भट्टीत उमलतो. एकही पापुद्रा शेजाऱ्याला चिकटलेला नसणे ही दोन्हीकडची कसोटी आहे.

आईने का खाल्ली नाही, तर मी आधीच विचारून घेतले होते. साट्याच्या जागी जी चरबी लावतात ती डुकराची असते; तिला ‘सुन्या’ किंवा ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. फ्रोल्लाच्या पारीतही ती बहुधा असते. शाकाहारी माणसाला नेपल्समध्ये फिरताना हे दोन शब्द पाठ असलेच पाहिजेत, मांसासाठीच्या शब्दांहूनही आधी, कारण मांस ताटात दिसते आणि ही चरबी दिसत नाही. मी रिच्चा तिथेच उभ्याने खाल्ली. पहिल्या घासाला काचेच्या बांगड्या वाजाव्यात तसा आवाज आला, पिठीसाखर कोटभर सांडली आणि आतला रवा जवळजवळ शिऱ्यासारखा लागला. दालचिनीचा वास मागाहून आला. हाच पदार्थ संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानात काचेखाली गार झालेला घेतला तेव्हा तो चामड्यासारखा चिवट लागला. स्फोल्यातेल्ला गरमच आणि जिथे भाजली तिथेच खावी, याबाबत मी यापुढे कोणाशीही तडजोड करणार नाही.

दुपारी पिन्यासेक्का बाजारातून चालत गेलो. मार्चमध्ये रस्त्यावर निखाऱ्यांत भाजलेले आर्टिचोक मिळतात. कमळाच्या कळीसारखी ही भाजी आत लसूण, पार्स्ली आणि तेल घालून थेट निखाऱ्यांत रोवतात. बाहेरची काळी पाने काढून टाकायची आणि आतली मऊ पाने दातांनी ओढून खायची. आईला भरीत आठवले आणि तिने दुसरे मागितले.

तिथून समुद्रकिनाऱ्यावर गेलो आणि तिथे एक चूक घडली. एका गाडीवर ‘ताराल्ली’ दिसली : बदाम लावलेली, मिरपुडीची, खुसखुशीत कडी. आईला ती कडबोळ्यांसारखी वाटली, मलाही ती कोरडी आणि निरुपद्रवी दिसली, आणि मी विचारले नाही. आईने दोन खाल्ली. उरलेल्या पुडीवरची अक्षरे मी नंतर वाचली तर त्यात ‘सुन्या’ होते. सकाळीच ज्या शब्दाची मी एवढी काळजी घेतली होती तोच संध्याकाळी माझ्या हातून निसटला, आणि आईला ते सांगताना माझा आवाज बसला. ती थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “न कळत झालं ना? तू मुद्दाम दिलं नाहीस, मी मुद्दाम खाल्लं नाही. आता काहीतरी आंबट पाज मला.”

आंबट जवळच मिळाले. नेपल्सच्या चौकांत पाण्याच्या टपऱ्या आहेत, ज्यांवर लिंबांचे घोस टांगलेले असतात. पूर्वी इथे शहरातल्या झऱ्याचे गंधकयुक्त पाणी मातीच्या घड्यांतून विकत. आता मिळतो तो लिंबू-सोडा : सोरेंतोकडच्या मोठ्या लिंबांचा रस, वायूचे पाणी आणि शेवटी चमचाभर खायचा सोडा. सोडा पडताच पेला उतू जातो, आणि पिणाऱ्याला बुटांवर सांडू नये म्हणून पाय फाकवून, पुढे वाकून एका दमात तो प्यावा लागतो; पेयाचे नावच ‘पाय फाकवून पिण्याचे लिंबूपाणी’ असे आहे. अडुसष्ट वर्षांच्या आईने पदर खोचला, पुढे वाकली आणि एक थेंबही न सांडता पेला रिकामा केला. टपरीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

बुधवार, १९ मार्च

आज संत जोसेफचा दिवस, इटलीत ‘बाबांचा दिवस’ म्हणूनही पाळला जाणारा. आणि आपल्याकडे आज रंगपंचमी. या दिवसाची मिठाई म्हणजे ‘त्सेप्पोला’ : फुगलेल्या पिठाचे वेटोळे, त्यावर पिवळी दाट कस्टर्ड आणि मधोमध पाकातली आंबट चेरी. ती तळलेली आणि भाजलेली अशी दोन प्रकारची मिळते. तळलेली खरी, असे इथले लोक मानतात आणि मलाही तसेच वाटले. आईने विचारून-सवरून भाजलेली घेतली. सकाळपासून प्रत्येक मिठाईच्या दुकानात हीच एक वस्तू रचलेली होती आणि लोक डझनाने नेत होते.

दुपारी सान दोमेनिको माज्जोरे चौकातल्या ‘स्कातुर्कियो’ या १९०५च्या दुकानात ‘बाबा’ खाल्ला. अळंबीच्या आकाराचा हा स्पंजी पाव रमच्या पाकात इतका मुरलेला असतो की दाबला तर पाक ओघळतो. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लाव लेश्चिन्स्की याच्या लोरेनमधल्या दरबारातून तो फ्रान्समध्ये आणि तिथून नेपल्समध्ये आला, अशी त्याची कथा आहे. इथे आवडत्या माणसाला ‘तू बाबा आहेस’ म्हणतात. आईसाठी तो वर्ज्य होता, पण हे वाक्य तिला इतके आवडले की तिने ते घरी फोन करून माझ्या बाबांना ऐकवले.

रात्री मी फालांगिना द्राक्षाची पांढरी वाईन घेतली. कांपानिया प्रांतातल्या वाईन्समध्ये ती हलकी आणि किंचित लिंबाच्या अंगाची असल्यामुळे उन्हाने दमलेल्या दिवशी बरी वाटते.

गुरुवार, २० मार्च

परतीचे विमान संध्याकाळचे होते. टोलेडो रस्त्यामागच्या चढणीवर एक लहानशी बेकरी आहे. तिच्या काचेत आईला ‘पास्तिएरा’ दिसली. ही मूळची ईस्टरची मिठाई. सान ग्रेगोरिओ आर्मेनो मठातल्या नन्स तिच्यासाठी प्रसिद्ध होत्या. आता ती दुकानांत वर्षभर मिळते, तरी घरोघरी ईस्टरच्या दोन-तीन दिवस आधीच करून ठेवतात, कारण ती मुरल्याशिवाय तिला चव येत नाही. सारण असे : अख्खे गहू भिजवून मऊ शिजवायचे, मग ते दुधात आटवायचे आणि त्यात रिकोत्ता, साखर, अंडी, मुरवलेली साल आणि संत्र्याच्या फुलांचे सुगंधी पाणी घालायचे. पारीवर सारण ओतून वरून पट्ट्यांची जाळी घालतात आणि मंद आचेवर बराच वेळ भाजतात.

पारीत काय आहे हे मी या वेळी दोनदा विचारले. बाईंनी आतून लोण्याची वडी आणून दाखवली आणि “बुर्रो, बुर्रो” म्हणाल्या. आईने बाकावर बसून पहिला घास घेतला आणि चावणे मध्येच थांबवले. अख्खा गहू तिच्या दाताखाली आला होता. आमच्याकडे खपली गहू ओलवून, कांडून, कोंडा पाखडून, रात्रभर भिजवून सकाळी शिजवतात आणि गूळ, खोबरे, जायफळ घालून खीर करतात. लग्नकार्याच्या पंगतीत ती वाटीत घेऊन वर तूप सोडतात. माझी आजी ती करायची, आणि ती गेल्यापासून आईने ती केलेली नाही. आईने सारणातला एक दाणा बाजूला काढला, बोटांत चिमटून पाहिला आणि म्हणाली, “शिजवलाय बरोबर. फुटला आहे, पण विरघळला नाही.” वास फुलांचा होता, गोडी साखरेची होती, पण चावताना दाणा जसा आधी अडतो आणि मग मऊ होतो, ते अगदी तिकडचेच होते. तिने संपूर्ण तुकडा खाल्ला आणि दुसरा बांधून घेतला.

ईस्टर जवळ आला की नेपल्समधल्या किराणा दुकानांत शिजवलेल्या गव्हाच्या बरण्या मिळतात, कारण घरी गहू भिजवत बसायला आता सगळ्यांना वेळ नसतो. विमानतळाकडे जाण्यापूर्वी आईने अशा दोन बरण्या घेतल्या. हातातल्या सामानात त्या नेऊ देणार नाहीत म्हणून आम्ही त्या माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या पेटीत ठेवल्या. म्यूनिकला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती जायफळ किसल्याच्या वासाने. आईने सांगलीहून आणलेला गूळ फोडून ओट्यावर ठेवला होता आणि पातेल्यात नेपल्सचा गहू रटरटत होता.